व्हिडिओ आहे, साहित्याची पेटी आहे, तरी तीच मुलं मागे का राहतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चौथीचा वर्ग, ३६ मुलं. एकाला जाड भिंगाचा चष्मा लावूनही फळ्यावरचं नीट दिसत नाही, एक मुलगी श्रवणयंत्र वापरते, चौघांना वाचन जड जातं आणि एक मुलगा गलका वाढला की कानांवर हात ठेवून बाकाखाली जातो. वर्गात प्रोजेक्टर आहे, गणिताच्या साहित्याची पेटी आहे. व्हिडिओ लावला की वर्ग खूश होतो, पेटी उघडली की झुंबड उडते. पण अपूर्णांकांच्या चाचणीत मागे राहिली ती हीच सात मुलं. १/२ आणि १/३ यांची बेरीज त्यांनी २/५ लिहिली. सगळ्यांना चालेल असा एखादा व्हिडिओ किंवा संच सुचवा, असं तुम्ही विचारलंत.

मी २२ वर्षं शिकवते आहे. आधी वर्गशिक्षिका होते, पुढे विशेष शिक्षिका म्हणून अशाच मिश्र वर्गांत काम केलं. सगळ्यांना चालेल असा संच मला अजून सापडलेला नाही आणि आता मी तो शोधतही नाही. तुमची खरी अडचण साहित्याच्या निवडीत नाही, असं मला वाटतं. व्हिडिओ चालू असताना या सातांपैकी प्रत्येकाचं नेमकं कुठे अडतं, हे अजून हाती लागलेलं नाही, अडचण तिथे आहे. मी तीन जागा तपासते. मूल त्या गोष्टीपर्यंत पोचतंय का, म्हणजे त्याला दिसतंय, ऐकू येतंय, वाचता येतंय का? पोचलं असेल तर तिच्यावर स्वतः काही करतंय का, की नुसतं बघतंय? आणि समजलेलं दाखवायला त्याच्याकडे वाट आहे का? अमेरिकेतल्या ‘कास्ट’ या १९८४ साली सुरू झालेल्या संस्थेने सर्वांना सामावून घेणाऱ्या अध्यापनाची जी चौकट मांडली, तिच्यातही तीन अंगं आहेत: गोडी, मांडणी आणि अभिव्यक्ती. वर्गात उभं राहून विचार करताना मला मात्र माझे हे तीन प्रश्न जास्त उपयोगी पडतात.

काही गोष्टी मला इथून सांगता येणार नाहीत. ‘चष्मा लावूनही दिसत नाही’ याचे अर्थ अनेक असतात. एखाद्याला समोरचं दिसतं पण बाजूचं नाही, एखाद्याचं नेमकं उलट असतं, एखाद्याला उजेडानेच डोळे मिटावे लागतात. पहिल्या बाकावर बसवणं यातल्या काहींना उपयोगी पडतं, काहींना अजिबात नाही. श्रवणयंत्र वापरणारी मुलगी ओठ वाचते का, घरी खुणांची भाषा आहे का, यावरही बरंच ठरतं. म्हणून आधी त्या मुलांनाच विचारा. ‘तुला कुठे बसलं की बरं दिसतं?’ या प्रश्नाचं उत्तर चौथीचं मूल व्यवस्थित देतं. त्याला कुणी विचारलेलं नसतं एवढंच.

पुढे जाण्याआधी एक समजूत बाजूला ठेवूया, कारण तुमच्या प्रश्नात ती आली आहे: काही मुलं ‘बघून शिकणारी’, काही ‘ऐकून शिकणारी’, काही ‘करून शिकणारी’ असतात आणि ज्याला त्याला त्याच्या प्रकारचं द्यावं. २००८ साली चार मानसशास्त्रज्ञांनी यावरचं संशोधन तपासलं, तेव्हा अशा वर्गवारीनुसार शिकवल्याने फायदा होतो असं म्हणायला पुरेसा आधार मिळाला नाही. माझाही अनुभव तसाच आहे. ज्या मुलाला दिसत नाही त्याला ऐकून किंवा स्पर्शाने मिळायला हवं, ही गरज खरी आहे. पण डोळे-कान ठीक असलेल्या मुलावर ‘हा ऐकून शिकणारा’ असा शिक्का मारला की आपण त्याच्या हातातली वस्तू काढून घेतो. चांगलं साहित्य सगळ्यांच्या हाती जावं. वाट फक्त एकच नसावी.

आता व्हिडिओकडे येते. कोणताही व्हिडिओ वर्गात लावण्याआधी मी तो दोनदा तपासते. पहिल्यांदा डोळे मिटून फक्त ऐकते. ‘आता हा तुकडा इकडे घेऊ, बघा, झालं की नाही!’ असलं बोलणं असेल तर तुमच्या कमी दिसणाऱ्या मुलाला त्यातून काहीच मिळत नाही. दुसऱ्यांदा आवाज पूर्ण बंद करून बघते. नुसती हसरी पात्रं हातवारे करताना दिसली आणि गणित सगळं बोलण्यातच गेलं, तर श्रवणयंत्रवाल्या मुलीच्या वाट्याला तेवढेच हातवारे येतात. या दोन्ही परीक्षांत पूर्ण उतरणारे व्हिडिओ फार थोडे. बाकीचे टाकून द्यायची गरज नाही, पण नापास झालेला भाग आपण भरून काढायचा असतो. चित्रात काय घडतंय ते थांबवून शब्दांत सांगायचं, बोलण्यात काय आलं ते फळ्यावर मांडायचं.

श्रवणयंत्राबद्दल एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. ते जवळचं बोलणं उत्तम पोचवतं, पण त्यासोबत बाकांचा खडखडाट, पंखा आणि भिंतींवरून परतणारा आवाजही मोठा करतं. भिंतीवरच्या स्पीकरमधून येणारा व्हिडिओचा आवाज तिच्यापर्यंत बऱ्याचदा गढूळ होऊन पोचतो. वर दिवे मालवलेले असतात, म्हणजे तुमचे ओठही दिसत नाहीत. आणि व्हिडिओ चालू असताना तुम्ही बोललात तर तिने पडद्याकडे बघायचं की तुमच्याकडे? म्हणून माझा नियम साधा आहे: व्हिडिओ चालू असताना शिक्षक गप्प. बोलायचं असेल तर थांबवा, दिवा लावा, तिच्याकडे तोंड करून बोला. लिहिलेलं वाचायलाही तिला वेळ द्या आणि मगच पुन्हा सुरू करा.

पडद्यावरच्या अक्षरांचा प्रश्न थोडा गुंतागुंतीचा आहे. निवेदक जे बोलतोय तेच शब्दशः पडद्यावरही आलं, तर ऐकू येणाऱ्या मुलाचं लक्ष चित्र, आवाज आणि अक्षरं यांत वाटलं जातं आणि शिकणं कमी होऊ शकतं, असं मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांतून दिसलं आहे. दुसरीकडे, जिला ऐकू कमी येतं तिला ही अक्षरं म्हणजेच बोलणं. घरी वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलांनाही ती आधार देतात. मी अक्षरं चालूच ठेवते. मात्र व्हिडिओ दोन-दोन मिनिटांचे तुकडे करून दाखवते आणि प्रत्येक तुकड्याआधी एकच प्रश्न देते. लक्ष कुठे ठेवायचं हे ठाऊक असलं की मुलं फारशी विखुरत नाहीत. तुमच्या ज्या चार मुलांना वाचन जड जातं, त्यांच्यासाठी कार्यपत्रिकेवरच्या सूचना तुमच्याच आवाजात फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. एका सूचनेत एकच काम असू द्या.

कमी दिसणाऱ्या मुलाला मोठा पडदा मिळाला की प्रश्न सुटला, असं नसतं. पडद्यावर खिडकीची चकाकी असेल तर मोठं अक्षरही त्याच्यासाठी पुसलेलंच. व्हिडिओतली दोन-तीन महत्त्वाची चित्रं आधी छापून त्याच्या बाकावर ठेवा. ठळक काळ्या रेषा, कोऱ्या पार्श्वभूमीवर. ती लॅमिनेट करू नका. चकचकीत कागदावर उजेड पडला की त्याला फक्त उजेड दिसतो. हे मला एका मुलानेच शिकवलं. मी हौसेने लॅमिनेट केलेली कार्डं तो तिरकी धरून बघत होता.

आणि व्हिडिओ कधी दाखवायचा? बहुतेक ठिकाणी आधी व्हिडिओ आणि मग कृती असा क्रम असतो. माझा उलटा आहे. हाताने जे केलं तेच पडद्यावर पुन्हा बघताना मुलं स्वतःची कृती ओळखतात, पुढे काय होणार ते आधीच सांगतात, चूक पकडतात. आधीच दाखवलं तर कृती म्हणजे नुसती नक्कल होते. अपवाद आहे तो वर्गात आणताच न येणाऱ्या गोष्टींचा: धडधडणारं हृदय, अनेक दिवसांत उगवणारं बी, ज्वालामुखी. तिथे व्हिडिओच पहिला हवा. अपूर्णांकांना त्याची गरज नाही.

आता पेटी. हातात वस्तू दिली की कल्पना आपोआप समजते, असं आपण धरून चालतो. तसं होत नाही, आणि का होत नाही हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जूडी डीलोश यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातून छान दिसतं. एका खोलीची छोटी प्रतिकृती केली. तिच्यात छोटं खेळणं मुलांच्या देखत लपवलं आणि सांगितलं, की मोठं खेळणं मोठ्या खोलीत अशाच जागी आहे. तीन वर्षांच्या मुलांनी ते बहुधा शोधलं. अडीच वर्षांच्या मुलांना छोटं खेळणं कुठे ठेवलं ते आठवत होतं, पण मोठं सापडेना. त्यांच्यासाठी ती प्रतिकृती म्हणजे एक वेगळंच खेळणं होतं. ती दुसऱ्या कशाबद्दल तरी सांगतेय हे त्यांना उमगत नव्हतं. पुढच्या प्रयोगात दिसलं, की आधी त्या प्रतिकृतीशी भरपूर खेळू दिलं तर तीन वर्षांच्या मुलांनाही ती खूण म्हणून वापरणं अवघड जातं. आपली मुलं मोठी आहेत, पण अडचण त्याच जातीची. पेटीतली रंगीबेरंगी, चेहरे काढलेली, चाकं लावलेली वस्तू मुलाला स्वतःकडेच खेचते. संख्येकडे पोचवत नाही.

मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालगृह उघडलं. त्याआधी त्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसोबत काम करत होत्या आणि त्यांचं बरंचसं साहित्य त्या कामातून घडलं. त्यांच्या गुलाबी मनोऱ्यात दहा ठोकळे आहेत, १ सेंटिमीटरपासून १० सेंटिमीटरपर्यंत. रंग एकच, आकार एकच, बदलतं ते फक्त माप. जे शिकवायचं तेवढंच बदलू द्यायचं, ही शिस्त मी तिथून घेतली.

तुमच्या अपूर्णांकांसाठी मी काय वापरते ते सविस्तर सांगते. गोल चकत्या मी सोडून दिल्या, कारण कोनाचा फरक बोटांना लवकर कळत नाही आणि चकतीचे तुकडे बाकावरून सटकतात. मी जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या करते. पूर्ण पट्टी २४ सेंटिमीटर, कारण २४ ला २, ३, ४, ६, ८, १२ या सगळ्यांनी पूर्ण भाग जातो. अर्धी पट्टी १२, एक तृतीयांश ८, एक चतुर्थांश ६, एक षष्ठांश ४ सेंटिमीटर. पुठ्ठ्याचे थर चिकटवून पट्टी इतकी जाड करायची की कड बोटाला स्पष्ट लागावी. सगळ्यांचा रंग एकच, गडद आणि बिनचमकीचा. खालचा ट्रे फिकट, आतून बरोबर २४ सेंटिमीटर लांब, कडा उचललेल्या, म्हणजे पट्टी घसरत नाही. पट्टीचं नाव मागच्या बाजूला, मोठ्या ठळक अंकांत. रंगावरून पट्टी ओळखायची सोय मी मुद्दाम ठेवत नाही. रंगांधळेपणा मुलग्यांत जास्त असतो आणि तो बऱ्याचदा कुणाच्या लक्षातही आलेला नसतो. शिवाय ‘लाल म्हणजे तृतीयांश’ एवढंच पाठ झालं तर लांबीचा विचार होतच नाही.

आता अर्धी आणि एक तृतीयांश पट्टी ट्रेमध्ये एकापुढे एक ठेवायची. किती भरलं? प्रश्न असा विचारायचा: एकाच मापाच्या पट्ट्या घेऊन ही लांबी बरोबर भरता येईल का? मुलं चतुर्थांश लावून बघतात. तीन लावल्यावर थोडी जागा उरते, चौथी बसत नाही. षष्ठांश लावतात आणि पाच अगदी चपखल बसतात. समान छेद कशासाठी हवा, हे माझ्या दहा वाक्यांपेक्षा त्या उरलेल्या दोन सेंटिमीटरच्या फटीतून जास्त कळतं. तुमच्या मुलांनी लिहिलेल्या २/५ या उत्तराची तपासणीही इथेच होते. अर्धी पट्टी आधीच ठेवली आहे, वर आणखी भर घातली, मग उत्तर अर्ध्याहून कमी कसं? २/५ अर्ध्याहून लहान असतात, हे पूर्ण पट्टीचे पाच सारखे भाग करून दोन मोजले की दिसतं. ही तपासणी डोळ्यांनी होते, बोटांनी होते आणि एक शब्द न ऐकताही होते. एका साहित्याला अनेक वाटा म्हणते ते हेच; प्रत्येक मुलासाठी वेगळं साहित्य करावं लागलं नाही.

स्पर्शाच्या साहित्याबद्दल माझी एक मोठी चूक सांगते. अजिबात न दिसणाऱ्या एका मुलासाठी मी रात्री बसून फुलाच्या भागांची उठावाची आकृती केली होती. दोरा, वाळू, कापूस, कापड, मणी, असं सगळं चिकटवलं होतं. डोळसांना ती फार आवडली. तो मात्र पंधरा मिनिटं बोटं फिरवून म्हणाला, “बाई, हाताला सगळं लागतंय, पण हे काय आहे ते कळत नाही.” डोळ्याला आकृती एका नजरेत पूर्ण मिळते. बोटाला ती तुकड्या-तुकड्याने मिळते आणि मनात जुळवावी लागते. डोळ्यांसाठी काढलेलं चित्र नुसतं उंच करून मी त्याच्यापुढे ठेवलं होतं. दृष्टिहीनांच्या वाचनाचा इतिहासही हेच सांगतो. आधी नेहमीचीच अक्षरं कागदावर उठवून पुस्तकं केली जात. ती वाचायला अतिशय सावकाश जायचं आणि मुलांना स्वतः लिहिता तर येतच नसे. लुई ब्रेल यांनी १८२४ च्या सुमारास, वयाच्या पंधराव्या वर्षी, सहा टिंबांची लिपी घडवली. तिचं अक्षर बोटाच्या टोकाखाली एका वेळी मावतं आणि ती लिहिताही येते. म्हणून आता मी स्पर्शाची आकृती मुळापासून साधी करते: तीन-चारच भाग, मध्ये मोकळी जागा. आणि ती आदल्या दिवशीच मुलाच्या हाती देते, म्हणजे तासाला तो शोधण्यात अडकत नाही, विचारात सामील होतो.

एवढं सगळं करूनही मूल बाहेर राहू शकतं, आणि हे मी फार वेळा पाहिलं आहे. चौघांचा गट असतो, पट्ट्या एकाच्या ताब्यात. शेजारची मुलगी प्रेमानेच ‘तू थांब, मी करते’ म्हणते आणि कमी दिसणाऱ्या मित्राचं काम उरकून टाकते. गट नीटनेटका दिसतो, उत्तर बरोबर येतं, त्याचं शिकणं मात्र झालेलं नसतं. मी गटात कामं ठरवून देते: एकाने पट्टी ठेवायची, एकाने काय झालं ते मोठ्याने सांगायचं, एकाने लिहायचं, एकाने तपासायचं. दर उदाहरणाला कामं फिरवायची. ‘मोठ्याने सांगायचं’ हे काम सगळ्यांनाच उपयोगी पडतं. न दिसणाऱ्याला वर्णन मिळतं, सांगणाऱ्याचा विचार पक्का होतो. श्रवणयंत्रवाल्या मुलीच्या गटात मात्र बोलणाऱ्याने आधी हात वर करायचा, म्हणजे बघायचं कुणाकडे ते तिला कळतं.

गलका सहन न होणाऱ्या मुलासाठी तासाचा क्रम सुरुवातीलाच चार चित्रांत फळ्यावर लावा. पेटी उघडतानाची झुंबड टाळा. पट्ट्या आधीच ट्रेमध्ये घालून बाकांवर ठेवा. ट्रेच्या तळाला कापड चिकटवलं की खडखड बरीच कमी होते, आणि त्याचा फायदा श्रवणयंत्रालाही होतो. बाजूला एक शांत जागा ठरवून द्या. तिथे जाणं ही शिक्षा वाटू नये, आणि त्याचा ट्रे सोबत जाऊ द्या.

मग पट्ट्या काढायच्या कधी? मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६० च्या दशकात कृती, चित्र आणि चिन्ह असे तीन टप्पे मांडले. आपल्याकडून बहुधा पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर उडी मारली जाते. पट्ट्या पेटीत गेल्या की दुसऱ्या दिवशी वहीत नुसते अंक, आणि मुलाच्या मनात त्या दोघांचं काही नातंच जुळत नाही. मी पट्टी ठेवल्या ठेवल्या शेजारी तेच अंकांत लिहून घेते. मग पट्ट्यांचं चित्र काढायला लावते. मग ट्रे कागदाने झाकते आणि विचारते, ‘आत काय होईल ते आधी सांग, मग उघडून बघ.’ झाकलेल्या ट्रेबद्दल मूल बरोबर सांगू लागलं की त्याची पट्ट्यांची गरज संपत आली. कुणाला याला चार दिवस लागतात, कुणाला दोन महिने. तारीख ठरवून सगळ्यांच्या एकदम काढून घेऊ नका.

आणि चाचणी. सात मुलं मागे राहिली असं तुम्ही म्हणता, पण चाचणी छापील होती, शाब्दिक उदाहरणांची होती आणि वेळ ठरलेला होता. म्हणजे त्यातल्या चौघांच्या बाबतीत तुम्ही अपूर्णांक तपासले की वाचन, हे सांगता येणार नाही. जे तपासायचं आहे तेवढंच अवघड ठेवा, बाकीची वाट मोकळी करा. उदाहरण वाचून दाखवा, मोठ्या अक्षरांत द्या, उत्तर तोंडी किंवा पट्ट्या मांडून देऊ द्या. यात कुणाला झुकतं माप दिलं जात नाही. बेरीज त्यालाच करायची आहे.

३६ मुलांत रोज हे जमणार नाही, हे मला माहीत आहे. मी एका घटकात दोनच तास असे नीट आखायचे आणि केलेलं साहित्य जपून ठेवायचे. तीन वर्षांत कपाट भरलं.

सुरुवात मात्र पेटीपासून करू नका. पुढच्या व्हिडिओच्या तासाला सातांपैकी एकच मूल निवडा आणि दहा मिनिटं फक्त त्याच्याकडे बघा. डोळे कुठे आहेत, हात काय करतायत, कोणत्या क्षणी ते सुटलं, आणि तेव्हा पडद्यावर काय चालू होतं? जे दिसेल ते मला लिहा. त्या मुलासाठी पेटीतलं काय ठेवायचं आणि काय काढायचं, ते आपण मिळून ठरवू.